कुंडलिकेचे मुख आणि आशियाचा समुद्र

(रोहा येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१. विषयाची व्याप्ती

सह्याद्रीतून भिऱ्याच्या बाजूने उतरणारी कुंडलिका कोलाड आणि रोहा ओलांडून पश्चिमेकडे वाहते आणि रेवदंडा व कोर्लई यांच्यामधून अरबी समुद्राला मिळते. या मुखाशी मार्च १५०८ मध्ये इजिप्तचे मामलुक, गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार आणि पोर्तुगीज यांच्या आरमारांची जी लढाई झाली, तिच्यात कैरो, व्हेनिस आणि लिस्बन अशा एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेल्या सत्तांचे हितसंबंध गुंतलेले होते. याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर, फेब्रुवारी १९९३ मध्ये जी स्फोटके उतरली त्यांनी मुंबईचे आणि भारतीय उपखंडाच्या राजकारणाचे रूप पालटले. आशियाच्या सुरक्षेचा विचार करताना दिल्ली, बीजिंग, तेहरान किंवा वॉशिंग्टन येथे काय ठरते याकडे अभ्यासकांचे लक्ष असते आणि ते असायलाच हवे. परंतु तेथे ठरलेल्या गोष्टी अखेरीस कोणत्यातरी खाडीत, कोणत्यातरी धक्क्यावर आणि कोणत्यातरी नाक्यावर घडून येतात, आणि तेथे कोण उभे आहे यावर त्यांचा निकाल लागतो. प्रस्तुत व्याख्यानात आशियाच्या सागरी राजकारणाचा विचार या दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे कुंडलिकेच्या मुखाकडून आणि तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या रायगडच्या किनाऱ्यावरून केला आहे.

दोन संज्ञांचा अर्थ आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. राज्याने आपला भूगोल, संपत्ती, सैन्य आणि मित्र यांचा दूरच्या उद्दिष्टासाठी मेळ घालणे म्हणजे सामरिक विचार. सागरी सुरक्षा या संज्ञेत शत्रूच्या आरमारापासून संरक्षण तर येतेच, शिवाय व्यापारी मार्ग मोकळे राखणे, चाचेगिरी, तस्करी व दहशतवाद रोखणे, आणि समुद्रावर पोट असणाऱ्या माणसांचे जीवित व उपजीविका सांभाळणे या गोष्टीही येतात. या शेवटच्या घटकाचा उल्लेख बहुतेक चर्चांमध्ये शेवटी व ओझरता होतो. रायगड किनाऱ्याचा पाचशे वर्षांचा अनुभव मात्र असे सांगतो की बाकीचे सारे घटक याच्याच आधाराने उभे राहतात, आणि हेच या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

२. खुंटांमध्ये अडकलेले जहाज

कुंडलिकेच्या मुखालगतचे चौल हे पश्चिम किनाऱ्यावरील अतिप्राचीन बंदरांपैकी एक. टॉलेमीच्या भूगोलग्रंथात ते सिमिल्ला या नावाने येते, दहाव्या शतकाच्या आरंभी अल् मसूदी हा अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणतो, आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी भारताच्या भूमीवर उतरला तो चौललाच. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी हे बंदर अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते. पोर्तुगिजांनी आफ्रिकेला वळसा घालून भारताकडे येण्याचा मार्ग शोधल्यामुळे तांबड्या समुद्रातून इजिप्त आणि व्हेनिसकडे जाणाऱ्या मसाल्याच्या व्यापाराला धोका निर्माण झाला, आणि म्हणून इजिप्तच्या सुलतानाने अमीर हुसेन याच्या हाताखाली एक आरमार हिंदी महासागरात धाडले. दीवचा सुभेदार मलिक अयाझ आपल्या हलक्या नौका घेऊन त्याला येऊन मिळाला.

त्या वेळी पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेदा याचा पुत्र लोरेन्सो हा व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी चौलच्या खाडीत नांगर टाकून होता. लढाई काही दिवस चालली आणि पोर्तुगीज जहाजे खाडीबाहेर पडू लागली, तेव्हा लोरेन्सोच्या जहाजाला तळाशी भगदाड पडून पाणी भरू लागले आणि ते प्रवाहाबरोबर वाहत जाऊन मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांमध्ये अडकले. इतर जहाजांना ते ओढून काढता आले नाही. लोरेन्सो तोफेच्या गोळ्याने जखमी होऊन मारला गेला आणि जहाज बुडाले. भरती-ओहोटीच्या जोराने जाळे फुगावे म्हणून खाडीच्या तोंडाशी खुंट रोवणे ही या किनाऱ्यावरील मासेमारीची जुनी रीत आहे. युरोपातील त्या काळच्या एका प्रबळ आरमाराचे जहाज अशा खुंटांनी धरून ठेवले. येथे दैवयोगाचा भाग मोठा होता यात शंका नाही. तरीही कुठे खडक, कुठे गाळ, कुठे खुंट आणि कोणत्या घटकेला पाणी किती, हे ज्ञान स्थानिक माणसाजवळ असते आणि परक्याजवळ नसते, ही गोष्ट चौलच्या लढाईने ठळक केली.

तथापि विजयाचा लाभ विजेत्यांना झाला नाही. मलिक अयाझला दीवच्या व्यापाराची चिंता होती; त्याने पोर्तुगीज कैद्यांना सन्मानाने वागवले आणि त्यांच्या आधारे व्हाइसरॉयशी बोलणी चालू ठेवली. अकरा महिन्यांनी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, पोर्तुगीज आरमार सूड घेण्यासाठी दीवला आले तेव्हा मित्रपक्ष एकदिलाने लढला नाही, इजिप्तचे आरमार नष्ट झाले आणि पुढील शतकभर अरबी समुद्रावर पोर्तुगिजांचा वरचष्मा राहिला. ज्या निजामशाहीच्या खाडीत पहिली लढाई झाली तिला स्वतःचे म्हणावे असे लढाऊ आरमार नव्हते. तिच्या दारातील भांडण इतरांनी आपसांत मिटवले आणि त्याचे परिणाम तिला भोगावे लागले. हितसंबंध वेगळे असलेल्या मित्रांची युती एक लढाई जिंकू शकते, समुद्र राखू शकत नाही, हा या घटनेचा सामरिक अर्थ आहे.

३. परवाना, घोडे आणि मद्य

समुद्रावर पोर्तुगिजांनी जी व्यवस्था लादली तिला कार्ताझ म्हणत. कार्ताझ म्हणजे त्यांनी दिलेला समुद्रपरवाना; तो नसलेले जहाज ते पकडत, आणि परवाना देताना कोणत्या बंदरात जकात भरायची हेही ठरवून देत. त्यापूर्वी अरबी समुद्रावर अरब, गुजराती, मलबारी आणि कोकणी व्यापारी कोणाही एका सत्तेच्या परवानगीवाचून ये-जा करीत. खुला समुद्र कोणाच्याही मालकीचा नसतो, हे आज आंतरराष्ट्रीय कायद्यात मान्य झालेले तत्त्व या किनाऱ्यावर व्यवहारात रुळलेले होते आणि ते तोफेच्या बळावर मोडले गेले.

निजामशाहीने या व्यवस्थेशी तडजोड का केली, याचे उत्तर घोड्यात आहे. दख्खनच्या सुलतानांचे सामर्थ्य घोडदळावर अवलंबून होते आणि चांगले घोडे अरबस्तान व इराणमधून समुद्रमार्गे येत. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगिजांना चौल येथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली ती घोड्यांचा पुरवठा चालू राहावा म्हणून. ज्या वस्तूवाचून सैन्य चालत नाही ती वस्तू समुद्रावरून येते आणि समुद्र दुसऱ्याच्या ताब्यात आहे, अशा पेचात सापडलेले राज्य स्वतःच्या भूमीवर दुसऱ्याचा किल्ला उभा राहू देते. आज भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते आणि त्याचा मोठा भाग पश्चिम आशियातून येतो. सोळाव्या शतकात घोड्यांचे जे स्थान होते ते आज तेलाचे आहे, आणि म्हणून १५२१ ची तडजोड ही केवळ इतिहासाची बाब राहत नाही.

पन्नास वर्षांनी मुर्तझा निजामशहाने ही चूक दुरुस्त करण्याचा मोठा प्रयत्न केला. विजापूरने गोव्याला आणि अहमदनगरने चौलला एकाच वेळी वेढा द्यावा, अशी योजना १५७० मध्ये अमलात आली. संख्याबळ निजामशाहीच्या बाजूने होते, पण १५७१ मध्ये वेढा उठवावा लागला. या अपयशाचे एक कारण फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे: वेढा घालणाऱ्या सैन्यातील काही अधिकाऱ्यांना पोर्तुगिजांनी भेटी देऊन, विशेषतः मद्य देऊन, फितवले आणि त्यांनी रात्रीच्या वेळी किल्ल्यात रसद जाऊ दिली. वेढ्याचे यश तोफांच्या संख्येपेक्षा रात्री पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या इमानावर ठरले. ही नोंद पुढे १९९३ च्या संदर्भात पुन्हा आठवावी लागेल.

४. खांदेरीपासून विजयदुर्गापर्यंत

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या प्रदेशात आरमाराची उभारणी सुरू केली तेव्हा या किनाऱ्यावर पोर्तुगीज, इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी अशा तीन सागरी सत्ता होत्या, आणि सिद्दी पुढे मुघलांच्या आश्रयाला गेल्यामुळे दिल्लीचा हातही जंजिऱ्याजवळच्या राजपुरीच्या खाडीपर्यंत पोचला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले, जहाजांसाठी लाकूड कोणते व कसे तोडावे आणि रयतेच्या झाडांना हात का लावू नये इथपर्यंत त्याचा विचार केला. आरमाराच्या लाकडाचा प्रश्न आणि रयतेच्या आंब्या-फणसाचा प्रश्न एकाच प्रकरणात हाताळला जातो, यात राज्यकर्त्यांची फार मोठी समज दिसून येते. ज्या रयतेची झाडे बळजबरीने तोडली जातील ती रयत आरमारावर खलाशी म्हणून मनाने येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

या धोरणाची कसोटी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर लागली. मायनाक भंडारी आणि त्याचे लोक मुंबईच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर तट बांधू लागताच इंग्रजांनी जहाजे पाठवून बेटाची कोंडी करण्याचा प्रयत्न केला आणि पुढे सिद्दीही त्यांच्या मदतीला आला. इंग्रजी जहाजे मोठी आणि तोफांनी सज्ज होती. परंतु वारा पडला की ती जागच्या जागी थिजत, आणि त्याच वेळी मराठ्यांचे हलके मचवे वल्ह्यांच्या जोरावर थळ-नागावच्या बाजूने उथळ पाण्यातून बेटाकडे जात, दगड, चुना, दाणागोटा पोचवत आणि अंधार सरण्यापूर्वी परत येत. भंडारी, कोळी आणि इतर दर्यावर्दी समाजांनी पिढ्यान्पिढ्या मिळवलेले ज्ञान येथे राज्याच्या धोरणाला जोडले गेले होते. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली.

मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांनी हे सामर्थ्य वाढवले. त्यांनी आपल्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे असा आग्रह धरला. कार्ताझच्या उत्तरादाखल देशी सत्तेने काढलेला तो परवाना होता. युरोपीय कागदपत्रांनी त्यांना चाचा म्हटले, परंतु परवाना देणारा पोर्तुगीज अंमलदार आणि परवाना देणारा सरखेल यांच्या अधिकारात तत्त्वतः फरक काढता येत नाही. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला फसला.

हे सामर्थ्य संपले ते मात्र परक्यांच्या एकट्याच्या बळाने संपले नाही. कान्होजींच्या घराण्यातील तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यातील वैर इतके वाढले की नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांची जहाजे जाळून टाकली. तुळाजीच्या वागण्यात दोष होते आणि पेशव्यांच्या तक्रारी निराधार नव्हत्या, हे मान्य करूनही एक निर्णय द्यावाच लागतो: घरातील वाद मिटवण्यासाठी समुद्रावरचे सामर्थ्य परक्याच्या हातून जाळून घेणे ही अठराव्या शतकातील मराठी सत्तेची सर्वांत महागडी चूक होती, आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना रोखू शकेल असे देशी आरमार पुन्हा उभे राहिले नाही.

५. एका रात्रीचा नाका

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर सोने, चांदी आणि परदेशी वस्तू यांची तस्करी चालत असे. माल उतरवण्याच्या कामाला ‘लँडिंग’ हा शब्द रूढ होता, आणि त्यासाठी नौका, हमाल, वाहने, रस्त्यावरील नाके व त्या नाक्यांवरील माणसे अशी एक साखळी तयार झालेली होती. ती साखळी पैशासाठी निर्माण झाली असली तरी एकदा निर्माण झाल्यावर तिच्यातून काय वाहून न्यायचे हे ठरवणारा दुसराच कोणी असू शकतो, हे १९९३ मध्ये दिसून आले. ९ जानेवारी १९९३ रोजी दिघी येथे शस्त्रे उतरली. ३ आणि ७ फेब्रुवारीला शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स हे अतितीव्र स्फोटक उतरले. दिघीहून निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली होती. ती अडवली गेली, सौदा ठरला आणि ती पुढे सोडली गेली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बाँबस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील विशेष न्यायालयाने पोलीस आणि सीमाशुल्क खात्यातील संबंधितांनाही दोषी ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मार्च २०१३ मध्ये लागला.

गोंडघर फाट्यावर यंत्रणा उणी पडली नाही. रस्ता होता, नाका होता, पोलीस होते, वाहने थांबली होती. १५७१ मध्ये चौलच्या वेढ्यात पहाऱ्यावरील अधिकाऱ्याने जे केले तेच चार शतकांनी त्याच किनारपट्टीवर पुन्हा घडले. कोणत्याही राष्ट्राची संरक्षणव्यवस्था आपल्या सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या सचोटीपेक्षा अधिक भक्कम असू शकत नाही, हा सिद्धान्त ग्रंथांतून शिकण्याची रायगडला गरज नाही.

त्यानंतर नौदल, तटरक्षक दल आणि राज्य पोलीस यांच्या सहभागाने ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर सुरू झाली, आणि २००५ पासून केंद्राच्या किनारा सुरक्षा योजनेतून सागरी पोलीस ठाणी व गस्ती नौका मिळू लागल्या. तरीही २६ नोव्हेंबर २००८ रोजी पाकिस्तानातून आलेले दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले आणि १६६ माणसांचा बळी गेला. त्यांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका खोल समुद्रात ताब्यात घेतली, तिच्यावरील खलाशांना ठार केले आणि शेवटचा टप्पा रबरी होडीतून पार करून ते बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत पोचले. तेथील लोकांनी या अनोळखी तरुणांना हटकले होते आणि त्यांना उडवाउडवीची उत्तरे मिळाली होती. म्हणजे हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमार होते आणि हल्लेखोरांवर पहिला संशय घेणारेही मच्छीमारच होते. मात्र तो संशय काही मिनिटांत योग्य ठिकाणी पोचवून त्यावर कृती घडवणारी वाट त्यांच्यासाठी तयार नव्हती.

६. आजच्या आशियात रायगड

हिंदी महासागराचा व्यापार काही अरुंद सामुद्रधुन्यांतून जातो, आणि तेथे अडथळा आला तर दूरच्या देशांचे अर्थव्यवहार खोळंबतात. पश्चिमेला होर्मुझ आणि बाब-अल-मंदेब, पूर्वेला मलाक्का या त्यांपैकी प्रमुख. चीनला आपले बरेचसे तेल मलाक्कातून न्यावे लागते आणि ही त्याची जुनी चिंता आहे. म्हणून पाकिस्तानातील ग्वादर, श्रीलंकेतील हंबनटोटा, जे २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले, आणि त्याच वर्षी जिबूती येथे उघडलेला चीनचा लष्करी तळ, या घटनांकडे भारतात सावधपणे पाहिले जाते. बंदर बांधणे हा व्यापारही असतो आणि उद्याच्या आरमाराची तयारीही असू शकते. चौलची वखार आणि चौलचा किल्ला यांच्यात अवघ्या काही वर्षांचे अंतर होते, हे जाणणाऱ्या प्रदेशाला ही शंका अवास्तव वाटणार नाही. भारताने २०१५ मध्ये ‘सागर’ या नावाने मांडलेले धोरण, म्हणजे हिंदी महासागरातील सर्वांची सुरक्षा आणि विकास, हे या स्पर्धेला दिलेले उत्तर आहे.

२०२३ च्या अखेरीपासून येमेनमधील हुथी गटाच्या हल्ल्यांमुळे तांबड्या समुद्रातील वाहतूक विस्कळीत झाली. २३ डिसेंबर २०२३ रोजी मंगळूरकडे येणाऱ्या ‘केम प्लुटो’ या टँकरवर अरबी समुद्रात ड्रोनचा आघात झाला, आणि मार्च २०२४ मध्ये भारतीय नौदलाने ‘रुएन’ या जहाजावरील ३५ सोमाली चाच्यांना शरण आणून मुंबईला आणले. या घटना रायगडपासून दूर घडल्या असे मानणे चुकीचे ठरेल. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर, उरण येथील तेल व वायू प्रकल्प, थळचा खत कारखाना, दिघी बंदर आणि धरमतर खाडीतील मालवाहतूक हे सारे याच जिल्ह्यात आहे, आणि रोह्यापासून दक्षिणेकडे निघणारी कोकण रेल्वे या किनाऱ्याला केरळच्या वाटेला जोडते. होर्मुझमध्ये तेल अडले किंवा वायू महागला तर त्याची झळ थळच्या खतातून पेणच्या भातखाचरापर्यंत पोचते.

या संदर्भात चिंतामणराव देशमुखांचे स्मरण अगत्याचे आहे. रोह्याशी ज्यांचे घराणे निगडित होते ते चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४४ च्या ब्रेटन वूड्स परिषदेत त्यांनी भारताच्या बाजूने भाग घेतला. युद्धोत्तर जगाची चलनव्यवस्था तेथे ठरत होती. राष्ट्राच्या संरक्षणाचा पाया त्याच्या अर्थव्यवहाराच्या विश्वासार्हतेत असतो हे त्या पिढीने ओळखले होते, आणि किनाऱ्याच्या संरक्षणालाही तोच नियम लागू पडतो: उपजीविका डळमळली की सुरक्षा डळमळते.

७. मच्छीमार : शस्त्र, ओलीस की साक्षीदार

आशियाच्या सागरी स्पर्धेत मच्छीमाराला आज तीन प्रकारे वापरले जाते किंवा वागवले जाते. पहिला प्रकार दक्षिण चीन समुद्रात दिसतो. युद्ध जाहीर न करता, गणवेशातील सैन्य पुढे न आणता, दुसऱ्याच्या हक्काच्या समुद्रात हळूहळू पाय रोवणे याला सामरिक परिभाषेत धूसर क्षेत्रातील संघर्ष म्हणतात, आणि चीनने त्यासाठी मासेमारी नौकांचे सागरी मिलिशिया म्हणजे निमलष्करी पथक वापरले आहे. १२ जुलै २०१६ रोजी हेग येथील लवादाने या समुद्रावरील हक्कांच्या वादात फिलिपिन्सच्या बाजूने निर्णय दिला, तरी चीनने तो मानला नाही. येथे मच्छीमार शस्त्र ठरतो.

दुसरा प्रकार भारत-पाकिस्तान सीमेवर दिसतो. सर क्रीकच्या परिसरातील सागरी सीमा अद्याप निश्चित झालेली नाही. माशांच्या मागे जाणारी नौका नकळत ती ओलांडते आणि तिच्यावरील खलाशी वर्षानुवर्षे तुरुंगात राहतात. त्यांत गुजरातचे खलाशी पुष्कळ असतात आणि पालघर जिल्ह्यातीलही असतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी परस्परांच्या कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. येथे मच्छीमार ओलीस ठरतो.

तिसरा प्रकार भारताने निवडलेला आहे आणि तो अधिक माणुसकीचा व अधिक शहाणपणाचा आहे: मच्छीमाराला सुरक्षेचे डोळे आणि कान मानणे, म्हणजे साक्षीदार मानणे. मात्र साक्षीदार होण्यासाठी ज्याला साक्ष सांगायची त्याच्यावर विश्वास असावा लागतो, आणि हा विश्वास आदेशाने निर्माण होत नाही.

८. कोर्लईचा बोया आणि विश्वासाचे काम

२००९ नंतर देशाच्या सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस यांच्या कामाची विभागणी झाली, किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली आणि नौकांना ठरावीक रंग व मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली. मोठ्या जहाजांवर स्वयंचलित ओळख यंत्र असते, जे जहाजाचे नाव, स्थान व दिशा सतत प्रक्षेपित करते. वीस मीटरहून लहान असलेल्या असंख्य मासेमारी होड्यांवर मात्र ते सक्तीचे नाही. रडारच्या पडद्यावर उमटलेला ठिपका कोणाचा, हे सांगणे त्यामुळे अवघड होते.

या अडचणीची दोन उदाहरणे रायगडमध्येच घडली. १८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरजवळ एक निर्मनुष्य नौका किनाऱ्याला लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. जिल्हाभर नाकेबंदी झाली. पुढे निष्पन्न झाले की ती मस्कतहून युरोपकडे निघालेली परदेशी मालकीची नौका होती, तिच्यावरील लोकांची जूनमध्येच समुद्रात सुटका झाली होती आणि ती वाहत इकडे आली होती. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये कुंडलिकेच्या मुखाजवळ, कोर्लईच्या समोर, रडारवर संशयास्पद नौकेचा संकेत मिळाला. पावसाळी मासेमारी बंदीचा तो काळ असल्याने तेथे स्थानिक होडी असण्याचे कारण नव्हते. पोलीस, नौदल आणि तटरक्षक दल यांनी शोध घेतला, आणि तो एका पाकिस्तानी मासेमारी नौकेच्या जाळ्याचा वाहून आलेला बोया, म्हणजे संकेतयंत्र बसवलेला तरंगा असावा, असा निष्कर्ष निघाला. दोन्ही वेळी यंत्रणा धावली हे समाधानकारक आहे. तथापि किनाऱ्याला लागेपर्यंत एक शस्त्रांसहित नौका कोणाच्याच लक्षात आली नाही, ही गोष्ट विसरता येत नाही.

समुद्रावर रोज असणारा माणूस तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आहे. आपल्या बंदरातील होडी कोणती, शेजारच्या बंदरातील कोणती आणि परकी कोणती हे तो दुरून, तिच्या नाळेच्या उंचीवरून आणि पाण्यावर बसण्याच्या रीतीवरून सांगू शकतो. अशा तांडेलाने कळवलेल्या माहितीचे पुढे काय होते, यावर तो दुसऱ्यांदा कळवेल की नाही हे ठरते. माहिती देणाऱ्यालाच दिवसभर ठाण्यात बसवून ठेवले आणि त्याचा मासेमारीचा दिवस बुडाला, तर पुढच्या वेळी तो डोळेझाक करील आणि त्यात त्याचा दोष धरता येणार नाही. म्हणून पहिले कर्तव्य विश्वासाचे आहे: माहिती देणाऱ्याचा वेळ वाया जाऊ न देणे आणि चौकशीत काय आढळले हे त्याला दुसऱ्या दिवशी कळवणे, या दोन साध्या गोष्टी रडारइतक्याच महत्त्वाच्या मानल्या पाहिजेत.

दुसरे कर्तव्य उपजीविकेचे आहे. माशांचा साठा घटला की नौका अधिक दूर, सीमेच्या जवळ जातात. उत्पन्न घटले की जुन्या तस्करीच्या साखळीला नवी माणसे मिळण्याचा धोका वाढतो. रोह्याजवळच्या धाटावमधील रासायनिक उद्योगांचे सांडपाणी आणि कुंडलिकेच्या खाडीतील मासळी यांविषयी मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. हा प्रश्न पर्यावरणाचा म्हणून मांडला जातो आणि तसा तो आहेच, परंतु खाडीतील मासळी संपणे म्हणजे खाडीवरील पहारेकरी संपणे होय, हे सुरक्षेचा विचार करणाऱ्यांनीही ध्यानात घेतले पाहिजे.

तिसरे कर्तव्य समाजाचे आहे, आणि त्याचे उदाहरण रोह्यालाच सापडते. १९२० मध्ये रोहा येथे जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी किनाऱ्यावरील मच्छीमारांना सागरपुत्र म्हणून आत्मसन्मान दिला, आणि त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या मत्स्यगंधा या प्रयोगात सामूहिक नौकांवर स्वयंसेवक पाळीपाळीने जात व उत्पन्न गरजूंच्या उपयोगी पडे. तो प्रयोग सुरक्षेसाठी नव्हता, भक्तीसाठी होता. तरी ज्या वस्तीत माणसे एकमेकांच्या आधाराने उभी राहतात त्या वस्तीत पैशाचे आमिष दाखवून शिरणे परक्याला सोपे जात नाही, ही त्याची सामरिक फलश्रुती नाकारता येणार नाही.

९. समारोप

चौलच्या खाडीतील खुंट, खांदेरीचे मचवे, विजयदुर्गाची जळालेली जहाजे, गोंडघरचा नाका आणि बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीतील तो अनुत्तरित संशय या पाच घटनांना जोडणारा धागा स्पष्ट आहे. राज्य आणि किनाऱ्यावरचा माणूस एकत्र होते तेव्हा लहान होड्यांनी मोठी आरमारे हटवली. ते एकमेकांपासून तुटले, मग ते वैराने असो, लाचेने असो वा दुर्लक्षाने, तेव्हा किल्ले, तोफा आणि ठाणी जागेवर असूनही उपयोगी पडली नाहीत. भारताला अधिक युद्धनौका, अधिक रडारे आणि दूरच्या मित्रांशी घट्ट संबंध हवेतच. पण त्यांचा लाभ कुंडलिकेच्या मुखाशी उभ्या असलेल्या तांडेलाच्या आणि नाक्यावरील शिपायाच्या हातून येणार आहे.

म्हणून रोहा, पेण, अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन या तालुक्यांतील शाळा, ग्रामपंचायती आणि मच्छीमार सहकारी संस्थांना या व्यासपीठावरून एकच विनंती आहे. सागरी पोलिसांचा मदत क्रमांक १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन क्रमांक प्रत्येक धक्क्यावर आणि प्रत्येक होडीच्या केबिनमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत, आणि त्यांवर फोन करणाऱ्याचे दुसऱ्या दिवशी काय झाले हे गावाने विचारावे.